कढईतलं तेल पेटलं तर पाणी नको, झाकण घाला

तळायला घेण्याआधी कढईवर पूर्ण बसेल असं स्टीलचं झाकण किंवा मोठं ताट गॅसशेजारी काढून ठेवत जा. हे मी घरात सगळ्यांना परत परत सांगते आणि सांगत राहणार, कारण तेल पेटल्यावर झाकण शोधत बसायला वेळच नसतो, समोर नळ दिसतो आणि हात आपोआप पाण्याकडे जातो.

आणि नेमकं तेच सगळ्यात घातक. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते खाली जातं, पेटलेलं तेल असतं ३०० डिग्रीच्याही वर, मग त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफ म्हणजे पाण्याच्या साधारण १७०० पट जागा, ती वर येताना जळतं तेल बारीक थेंबांत उडवते आणि भडका थेट छतापर्यंत जातो. एक पेला पाणीसुद्धा पुरतं यासाठी. ओलं फडकं पण टाकू नका, पाणी ठिबकलं की तोच प्रकार.

मग करायचं काय, तर हात पोचत असेल तर आधी गॅस बंद. बटण ज्वाळांच्या मागे असेल तर हात घालू नका, आधी झाकण. झाकण वरून आपटायचं नाही, कडेने आपल्या बाजूकडून पुढे सरकवत न्यायचं म्हणजे ज्वाळा आणि आपला हात यांच्यामध्ये झाकणच राहतं. हवा तुटली की आग विझते. पण तेल अजून तितकंच तापलेलं असतं, लगेच उघडून बघितलं तर हवा लागून परत पेटतं, म्हणून कढई पूर्ण गार होईपर्यंत, अर्धा-पाऊण तास तरी, हात लावू नका. काचेचं झाकण नको, ते तडकू शकतं.

कढई उचलून बेसिनमध्ये किंवा बाहेर न्यायचा विचार तर मनातूनच काढून टाका प्लीज, चालताना तेल हिंदकळतं आणि अंगावर, पायावर, जमिनीवर सगळीकडे आग.

अगदी छोटी आग असेल तर खायचा सोडा किंवा मीठ भरपूर टाकून विझते, चिमूटभराने काही होत नाही. मैदा, पीठ, साखर, बेकिंग पावडर यातलं काहीही नाही, पिठाची धूळ स्वतःच भडकते. तेलाच्या आगीसाठी वेट केमिकलवाला एक्स्टिंग्विशर मिळतो, त्यावर क्लास एफ किंवा क्लास के लिहिलेलं असतं, तो तेलावर फेसाचा थर धरतो आणि तेल थंडही करतो. साध्या पावडरवाल्याने ज्वाळा जातात पण तेल गरमच राहतं, शिवाय जवळून मारला तर जोराने तेल उडतं.

आग कढईबाहेर गेली, कपाटाला किंवा चिमणीला लागली, तर मात्र सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, जाताना किचनचं दार ओढून घ्या आणि बाहेरून फायर ब्रिगेडला फोन करा. सामान वाचवत बसू नका.

आता हे होऊच नये म्हणून. तेल आधी इशारा देतं, धूर यायला लागला की गॅस लगेच बंद, "एवढा घाणा काढून घेते" असं नाही. तळण साधारण १७० ते १९० डिग्रीत होतं, धूर म्हणजे तेल त्याच्या बरंच पुढे गेलंय. परत परत वापरलेलं तेल कमी तापमानालाच धुरावतं. कढई एक तृतीयांशच भरा, टाकायचा पदार्थ कोरडा करून घ्या, बर्फ लागलेला तर नाहीच. चिमणीच्या फिल्टरवरचा चिकट थर वेळेवर काढा, तो पेटतो. ओढणी, सैल बाह्या आवरून घ्या. आणि तेल तापत ठेवून फोन घ्यायला किंवा दार उघडायला जाताय तर आधी गॅस बंद करून जा, बहुतेक वेळा सुरुवात इथेच होते.

भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, अंगठ्या-बांगड्या सूज यायच्या आत काढा, बर्फ आणि टूथपेस्ट नको. चेहरा किंवा हाताचा पंजा भाजला असेल, मोठे फोड आले असतील तर डॉक्टरकडे जाच. तेल गार झाल्यावर फेकून द्या, आणि गॅसची नळी, रेग्युलेटर नीट तपासून घेतल्याशिवाय शेगडी परत पेटवू नका.