आकाशाच्या फोटोत अनोळखी काही दिसलं, तर

आकाशाच्या फोटोत वेगळं काही दिसलं की पहिल्यांदा हात जातो तो बोटांनी फोटो ताणायला. ते आधी करू नका. ताणल्यावर डाग मोठा होतो, पण त्याच्याबद्दल नवीन काही कळत नाही. कळतं ते शेजारच्या फ्रेमवरून, म्हणजे त्याच्या लगेच आधी-नंतर काढलेल्या फोटोवरून, आणि फोटो काढणाऱ्याला विचारून.

माझा सोलापुरात फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट हा धंदा. अमावास्येच्या आसपास नान्नजच्या बाजूला, माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेर, ओळखीच्या एका शेतात कॅमेरा लावून बसणं ही आवड. हे गावात माहीत असल्यामुळे पोरं-पोरी फोटो घेऊन येतात, "काका, हे काय आहे सांगा की" म्हणतात. त्यांना तपासायची जी पद्धत शिकवतो, ती इथे लिहितो.

सगळ्यात आधी मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की फोटो आक्रसतो आणि वेळ, एक्सपोजर, लेन्स ही त्यातली नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी येते. जेपीईजी फोटो दाबताना आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत काम चालतं, म्हणून जास्त दाबलेल्या फोटोत अंधुक तारा चौकोनी दिसायला लागतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबता ठेवलेल्या कच्च्या फाइलमध्ये, तो चौकोन नसतो. अशी कितीतरी 'यानं' मूळ फाइल उघडल्याबरोबर संपतात.

दुसरी गोष्ट वेळ. कॅमेऱ्याचं घड्याळ मागेपुढे असतंच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आपल्या आकाशातून पाच-सहा मिनिटांत निघून जातं, त्यामुळे घड्याळात पाच मिनिटांचा फरक असला तर तुलनाच होत नाही. मी बसण्याआधी मोबाइलवरच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एक फोटो त्याच कॅमेऱ्याने काढून ठेवतो. मग फरक कधीही काढता येतो. जागतिक वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे हेही ध्यानात ठेवा. आपल्याकडे १५ तारखेच्या रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा जागतिक वेळेत १४ तारीख, रात्रीचे साडेआठ असतात. शोधताना तारीखच चुकवणारे पुष्कळ भेटतात.

आता मुख्य गोष्ट, बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल. अनोळखी खूण दिसली की आधीची आणि नंतरची फ्रेम उघडा आणि ती खूण कुणाबरोबर चालते ते बघा. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असला तर तारे फ्रेमगणिक सरकतात, तासाला पंधरा अंश. खूण ताऱ्यांबरोबर सरकली तर ती आकाशातली. फ्रेममध्ये एकाच जागी बसून राहिली तर बहुधा कॅमेऱ्यातली. दोघांनाही सोडून स्वतःच्या वाटेने गेली तर बहुधा विमान किंवा उपग्रह. आणि एकाच फ्रेममध्ये दिसून गेली तर उल्का, किंवा सेन्सरवर आदळलेला वैश्विक किरण. तो किरण बारीक, टोकदार, अगदी तीक्ष्ण खूण उमटवतो. लेन्समधून आलेला तारा कधीच इतका तीक्ष्ण नसतो.

ट्रॅकर, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं यंत्र, वापरणाऱ्यांनी सावध राहावं. ट्रॅकरवर तारेही जागचे हलत नाहीत आणि सेन्सरचा दोषही, म्हणजे वरची परीक्षा चालत नाही. म्हणून दर काही फ्रेमनंतर कॅमेरा मुद्दाम थोडासा सरकवायचा. याला डिथरिंग म्हणतात.

कॅमेऱ्यातल्या खुणांमध्ये आपल्या सोलापूरचा खास त्रास म्हणजे हॉट पिक्सेल. एप्रिल-मेमध्ये रात्री अकराला गच्चीवर हात टेकवला तरी फरशी गरम लागते. अशा हवेत तीस-तीस सेकंदांची एक्सपोजर लावली की सेन्सर तापतो आणि लाल, निळे, हिरवे ठिपके उगवतात. एकाच पिक्सेलएवढे, कडा तुटक, रंग भडक. हिवाळ्यात तोच कॅमेरा तीच सेटिंग ठेवून जवळजवळ स्वच्छ फोटो देतो. उपाय सोपा आहे. तिथेच, त्याच वेळी लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओवर, तेवढ्याच वेळेचे काही फोटो घ्या. झाकण लावलेल्या फोटोतही ठिपका त्याच जागी असेल तर प्रश्न मिटला. घरी येऊन पंख्याखाली घेतलेले असे फोटो उपयोगाचे नाहीत, तापमान तेच हवं. सेन्सरजवळच्या काचेवरची धूळ मात्र उजळ दिसत नाही. तिचे गोल, करडे, पुसट डाग पडतात, आणि लेन्सचं छिद्र लहान केलं की ते ठळक होतात.

प्रतिबिंबांवर जरा थांबतो, कारण मोबाइलच्या फोटोंमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आमच्या गल्लीतल्या अकरावीतल्या एका मुलाने सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून मंदिर आणि वर चंद्रकोर असा फोटो काढला होता. कोर जास्त उजेडामुळे नुसता पांढरा गोळा झालेली, आणि मंदिराच्या एका बाजूला, पाण्यावर, इवलीशी निळसर-हिरवी कोर तरंगतेय. त्याचं म्हणणं, पाण्यातलं प्रतिबिंब असतं तर ते चंद्राच्या बरोबर खाली पडलं असतं, हे तर तिरकं आहे. निरीक्षण अगदी बरोबर होतं. मी त्याला फोटोची प्रिंट काढून दिली, सोबत पट्टी आणि पेन्सिल. आधी दोन कर्ण आखून फोटोचा मध्य काढायला लावला, मग चंद्रापासून मध्यातून रेघ पुढे न्यायला सांगितलं. रेघ त्या हिरव्या कोरीतून गेली, आणि मध्यापासून दोन्हीकडचं अंतर सारखं भरलं. कोरीची शिंगंही आकाशातल्या चंद्राच्या बरोबर उलट. भिंगांच्या आतल्या आत उजेड परावर्तित होऊन हे भूत तयार होतं. फोटो मध्याभोवती अर्धा फिरवला की ते मूळ दिव्यावर जाऊन बसतं. फोटो कापलेला असेल तर मात्र हा मध्य चुकतो, तेव्हा पुन्हा मूळ फाइलच हवी. गंमत अशी की भूत मंद असल्यामुळे चंद्राचा खरा आकार त्यातच दिसतो. खंडग्रास ग्रहणाच्या फोटोत मोठा गोळा पूर्ण दिसत असला तरी शेजारचं भूत ग्रासलेलं दिसतं. त्या मुलाने ती प्रिंट भिंतीला लावली आहे, पेन्सिलीच्या रेघांसकट.

ताऱ्याला फुटलेली किरणं हाही उपकरणाचाच भाग. न्यूटनी दुर्बिणीतला छोटा आरसा चार पट्ट्यांवर धरलेला असेल तर प्रत्येक ठळक ताऱ्याला चार किरणं दिसणार. जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोत सहा मोठी आणि दोन लहान दिसतात, ती षट्कोनी आरशांमुळे आणि पुढच्या दांड्यांमुळे. सगळ्या ठळक ताऱ्यांना सारखीच, एकाच दिशेने किरणं असतील तर पुढे विचार करायचं कारण नाही.

रेघांचं तसं नाही, त्या वाचायला शिकण्यासारख्या आहेत. विमानाच्या रेघेवर ठरावीक अंतराने ठिपके असतात, ते त्याचे लुकलुकणारे दिवे. उल्का बारीक सुरू होते, फुगते, पुन्हा बारीक होते, आणि वेगवान उल्केच्या सुरुवातीला बऱ्याचदा हिरवा रंग असतो. तो वातावरणातल्या ऑक्सिजनचा. उपग्रहाची रेघ एकसारखी असते आणि पुढच्या फ्रेममध्येही चालू राहते. रेघ फोटोच्या मधेच विझली असेल तर बहुधा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला.

रेघेची दोन्ही टोकं फ्रेममध्ये असतील तर वेग काढता येतो. मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे ते एका रांगेतले तीन तारे, टोकापासून टोकापर्यंत पावणेतीन अंशांचा आहे. त्याची पट्टी करा. साडेपाचशे किलोमीटरवरचा स्टारलिंक उपग्रह डोक्यावरून जाताना सेकंदाला साधारण पाऊण अंश सरकतो, म्हणजे चार सेकंदांत एक बाण. वीस सेकंदांच्या फोटोत रेघ बाणाएवढीच असेल, तर ती वस्तू एक तर क्षितिजाकडे दूर आहे किंवा बरीच उंच आहे.

मृगाचाच आणखी एक प्रकार सांगतो, कारण तो आपल्या अक्षांशावर अगदी विशिष्ट जागी दिसतो. मोठ्या लेन्सने, ट्रॅकर लावून मृगातल्या तेजोमेघाचे फोटो काढलेत, तर बाण आणि तेजोमेघ यांच्या मधल्या पट्ट्यात पूर्व-पश्चिम, एकमेकींना समांतर, आखूड रेघा सापडतात. एका मिनिटाच्या एक्सपोजरला पाव अंश, म्हणजे चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढ्या. हे भूस्थिर उपग्रह. ते पृथ्वीच्या विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच असतात आणि आपल्याला जागचे हलत नाहीत. आपला कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरतो म्हणून त्यांची रेघ होते. सोलापूर १७.७ अंश उत्तरेला असल्यामुळे ते आकाशाच्या विषुववृत्ताच्या साधारण तीन अंश दक्षिणेला दिसतात, आणि मृगातला तो पट्टा बरोबर तिथेच येतो. ट्रॅकर बंद करून तोच फोटो घ्या. तारे लांबतील आणि हे उपग्रह ठिपके होऊन उभे राहतील. हा प्रयोग ज्याने केला नाही त्याने या हिवाळ्यात जरूर करावा.

जादा तारा दिसला तर अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेटवर फोटो चढवा. ताऱ्यांच्या रचनेवरून फोटो आकाशात नेमका कुठला आणि एका पिक्सेलमध्ये किती अंश ते कळतं. मग अलादीन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीच जागा उघडा. तिथे मोठ्या दुर्बिणींनी पूर्वी काचेच्या प्लेटांवर टिपलेलं आकाश बघायला मिळतं. त्यात तो तारा असेल तर तो जुनाच. नसेल तर स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख-वेळ आणि सोलापूर घालून ग्रह तपासा, आणि मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत लघुग्रह. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कृत्तिकांच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर एक 'जादा तारा' होता. काळोख्या जागी नुसत्या डोळ्यांना जेमतेम, कॅमेऱ्याला सहज दिसणारा. तो युरेनस. त्या दिवसांत तो रोज अडीच कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकत होता, म्हणजे आठवड्याच्या अंतराने काढलेले दोन फोटो एकावर एक ठेवले की चंद्राच्या निम्म्याहून जास्त रुंदीएवढा हललेला दिसायचा.

हे सगळे पर्याय संपले आणि ठिपका तरी उरला, तर तो गंभीरपणे घ्या. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात व्हिक्टर बूसो हे कुलपांचं काम करणारे हौशी निरीक्षक २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री नवा कॅमेरा लावून एनजीसी ६१३ या दीर्घिकेचे फोटो काढत होते. सुरुवातीच्या फ्रेममध्ये नसलेला एक ठिपका पुढच्या फ्रेममध्ये उमटला आणि उजळत गेला. हॉट पिक्सेल असं ताऱ्यांच्या मधली जागा धरून पायरीपायरीने वाढत नाही. तो अतिनवतारा होता, ताऱ्याच्या स्फोटाचा अगदी पहिला उजेड.

पुसट धुराच्या पट्ट्याबाबत सगळ्यात कडक परीक्षा हवी, कारण स्टॅकिंग करताना, म्हणजे अनेक फोटो एकावर एक जोडताना, कॉन्ट्रास्ट ओढताना असे पट्टे आपणच तयार करतो. मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सँटी या हौशी मंडळींना २०२२ मध्ये देवयानी दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या उजेडाची एक मोठी कमान मिळाली. अख्ख्या जगाने हजारदा फोटो काढलेल्या जागी! त्यांनी ती जाहीर करण्याआधी दुसऱ्या जागेवरून, दुसऱ्या दुर्बिणींनी दिसते का ते पाहिलं. दिसली. २०२३ च्या जानेवारीत शोध प्रसिद्ध झाला. तुमच्याकडे पट्टा आला तर दुसऱ्या कुणाला त्याच जागेचा फोटो काढायला सांगा, पण पट्टा नेमका कुठे आहे ते सांगू नका.

ग्रहांच्या आणि चंद्राच्या पृष्ठभागावर आकृत्या दिसतात, त्यात फार वेळ घालवू नये. उजेड कुठल्या बाजूने येतो ते ठरवा आणि फोटो उलटा करून बघा. कित्येक डोंगर विवरं होतात आणि विवरं डोंगर. व्हायकिंग १ यानाने जुलै १९७६ मध्ये टिपलेल्या मंगळावरच्या 'चेहऱ्या'वर सूर्य खाली कलला होता, आणि प्रक्षेपणात हरवलेल्या माहितीचा एक काळा ठिपका नेमका नाकपुडीच्या जागी पडला होता. २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने तीच जागा बारकाईने टिपली तेव्हा साधी टेकडी दिसली.

कुणाला विचारायला गेलात तर मूळ फाइल, शेजारच्या फ्रेम, जागा, दिशा, घड्याळातला फरक, आणि कुठलं सॉफ्टवेअर वापरलं, एवढं सोबत द्या. मोबाइलचा नाइट मोड असेल तर ते जरूर सांगा. तो अनेक फोटो जोडतो, त्यामुळे अखंड रेघ तुटक होते. गड्ड्याच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाची रात्र असेल तर तेही सांगा, धुरात उजेड अडकून अजब रंग येतात.

आणि ज्यात काहीच विशेष नाही असे फोटो पुसू नका. ऑस्ट्रेलियातले अँथनी वेस्ली यांना १९ जुलै २००९ रोजी गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ काळा डाग दिसला. गुरूच्या एखाद्या उपग्रहाची सावली म्हणावी तर जागा, आकार, वेग काहीच जुळेना. दोन दिवसांपूर्वी त्याच भागाचा फोटो त्यांनी काढलेला होता, त्यात डाग नव्हता. म्हणून काही तासांत ते खात्रीने कळवू शकले, आणि मोठ्या दुर्बिणींनी गुरूवर काहीतरी आदळल्याचं पक्कं केलं. माझ्या हार्डडिस्कवर फोल्डरचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, शेवटी जागा असं असतं. त्या क्रमाने लिहिलं की संगणक आपोआप क्रमवार लावतो, आणि जुनी रात्र काढायला मिनिटही लागत नाही.