बिया उगवण्याच्या निरीक्षणाचं पोस्टर करताय? या चुका टाळा

राजमा किंवा मूग ओल्या कापसावर ठेवायचे, रोज बघायचं आणि शेवटी त्याचं पोस्टर करायचं, ऐकायला एकदम सोपं वाटतं. पण मुलीबरोबर दोनदा हा प्रोजेक्ट केल्यावर माझं मत पक्कं झालंय, पोस्टर बिघडतं ते कार्डशीटवर नाही, बी भिजवलं त्याच दिवशी बिघडतं, कारण त्या दिवशी कुणी वहीच उघडलेली नसते.

होतं काय, पहिले तीन-चार दिवस नुसतं बघण्यात जातात, मग सबमिशनची तारीख जवळ आली की आठवून आठवून आकडे भरायचे, पहिल्या दिवशी १ सेमी, दुसऱ्या दिवशी २, तिसऱ्या दिवशी ३. बी असं वाढतच नाही हो! आधी ते पाणी शोषून टम्म फुगतं, मग काही काळ बाहेरून काहीच दिसत नाही, मग साल फाटून मूळ बाहेर येतं (कोंब नाही, आधी मूळच), मग देठ आकड्यासारखा वाकून वर निघतो आणि सरळ झाला की भराभर उंच होतो. म्हणून खरा ग्राफ आधी सपाट असतो आणि मग चढतो. काहीच बाहेर आलं नाही त्या दिवशी ० लिहा, तेही निरीक्षणच आहे. एखादा दिवस मोजायचं राहिलं तर ती जागा ग्राफवर रिकामी सोडा, शुक्रवारनंतर लगेच सोमवार चिकटवू नका, नाहीतर रोप एका रात्रीत वाढल्यासारखं दिसतं.

मोजण्यातली चूक तर अगदी ठरलेली. आज बीपासून मोजलं, उद्या कापसापासून, परवा मुळासकट सगळंच. मुळाची लांबी आणि देठाची उंची असे दोन रकाने करा आणि कुठून मोजायचं ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. पट्टीचा शून्य बऱ्याचदा कडेला नसतो, थोडा आत असतो, तेही बघा. मूळ वाकडं असेल तर त्यावर दोरा धरा आणि मग दोरा मोजा.

एकच बी लावू नका, ते कुजलं तर प्रोजेक्टच संपला. निदान १० लावा. आणि सरासरी काढताना न उगवलेलं बी शून्य धरून त्यात घालू नका. समजा ५ बियांपैकी चार उगवल्या, उंची ४, ५, ६, ५ सेमी. चारांची सरासरी ५ येते, पाचवी शून्य धरली तर ४. म्हणून उगवण वेगळी लिहा (५ पैकी ४, म्हणजे ८०%) आणि उंची वेगळी.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक. एक ग्लास उजेडात आणि एक अंधाऱ्या कपाटात ठेवतात, अंधारातलं रोप जास्त उंच होतं, आणि पोस्टरवर निष्कर्ष काय तर "रोपाला वाढायला सूर्यप्रकाश लागतो"! अरे, तुमचाच ग्राफ उलटं सांगतोय ना? अंधारातलं रोप उजेड शोधत लांबत जातं, बीपत्रात (म्हणजे बीच्या दोन जाड फाकांत) साठवलेलं अन्न वापरून, पण ते बारीक, फिकट पिवळं आणि लुळं असतं. म्हणजे नुसती उंची मोजून भागत नाही, रंग, देठाची जाडी, पानांचा आकार हेही टिपायला हवं. तेव्हाच निष्कर्ष खरा निघतो, की उगवायला उजेड लागला नाही, पण पुढे धडधाकट वाढायला लागतो. आणि हो, तुलना करताना बदल एकच, उजेड बदलला तर पाणी आणि बिया सारख्याच ठेवा.

काही बिनसलं तर: वास येतोय म्हणजे बिया पाण्यात बुडाल्यात, त्यांना हवा मिळत नाहीये, कापूस नुसता ओलसर ठेवा. बुरशी आली तर खराब बी काढा, कापूस बदला आणि ते तारखेसकट लिहा. खिडकीकडे झुकलं तर घाबरू नका, फोटो काढा, ग्लास फिरवा आणि पुढे काय होतं बघा, पोस्टरसाठी हे सोनं आहे. आणि डाळ भिजवू नका, सोलून दोन फाकी केलेल्या दाण्याला रोप येत नाही.

चित्र नेटवरून छापू नका, स्वतः काढा. नेटवर मटाराचं चित्र मिळालं तर त्यात बी मातीतच राहिलेलं दिसेल आणि तुमचा राजमा तर बीपत्रं घेऊन वर आलेला असेल, बघणारा विचारेलच. फोटो रोज तेवढ्याच अंतरावरून आणि शेजारी पट्टी उभी करून.

सजावटीत फार वेळ घालवू नका, एवढंच बघा की पिवळ्या स्केचपेनने लिहायचं नाही, लांबून दिसत नाही. वर मोठ्या अक्षरात तुमचा प्रश्न, मधोमध ग्राफ. न उगवलेलं बीसुद्धा पोस्टरवर लावा, पण आधी पूर्ण वाळवा, आम्ही ओलंच चिकटवलं होतं आणि दोन दिवसांत कार्डशीटला बुरशी आली.