असमानतेचा आलेख: छायांकन कुठल्या बाजूला?

लालबागला माझ्याकडे बारावीची मुलं शिकवणीला येतात. त्यांना पहिलं गणित मी वडापावचं देते. समजा वडापाव २० रुपयांना, कटिंग १० रुपयांना आणि खिशात १०० रुपये. वडापाव x, चहा y. म्हणजे २०x + १०y ≤ १००. १० ने भागून २x + y ≤ १०.

आधी ≤ च्या जागी = धरून रेष काढा. x = ० ठेवलं की (०, १०), y = ० ठेवलं की (५, ०). दोन बिंदू पट्टीने जोडा. चिन्हात बरोबरी आहे, म्हणून रेष सलग. नुसतं < किंवा > असतं तर तुटक.

आता छायांकन, म्हणजे असमानता जिथे खरी ठरते ती रेषेची बाजू रंगवणं, आणि मुलं अडकतात ती इथेच. ‘मोठं चिन्ह म्हणजे रेषेच्या वर’ असं कृपा करून पाठ करू नका. x − y > २ मध्ये चिन्ह मोठं आहे, पण छायांकन रेषेच्या खाली येतं! त्यापेक्षा (०, ०) हा आरंभबिंदू घालून बघा. आपल्या गणितात ० ≤ १० खरं, म्हणून आरंभबिंदूकडची बाजू रंगवा. x − y > २ मध्ये ० > २ खोटं, म्हणून पलीकडची.

रेषच आरंभबिंदूतून जात असेल, उदाहरणार्थ y > २x, तर (०, ५) घ्या: ५ > ० खरं, तीच बाजू.

वडापाव, चहा ऋण नसतात, म्हणून x ≥ ०, y ≥ ०. उरतो पहिल्या चरणातला त्रिकोण. (३, ४) त्याच्या कडेवर बसतो: तीन वडापाव, चार कटिंग, बरोबर शंभर. अर्धा वडापाव कोणी देत नाही, त्यामुळे खरी उत्तरं पूर्णांक बिंदूच.