पावसाळ्यापूर्वी लॅव्हेंडरची तयारी: निचरा, छाटणी आणि पाण्याचं भान

लॅव्हेंडरचं झाड उन्हानं सहसा मरत नाही. एखादं पाणी चुकलं म्हणूनही ते मरत नाही. ते मरतं मुळांशी ओल साचून राहिल्यामुळे, आणि हवा उबदार असेल तर फार झटपट मरतं. त्यामुळे पावसाला सुरुवात होण्याआधीचे तीन-चार आठवडे या झाडासाठी वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे. आत्ता जे काम होईल त्यावर पुढचा बहर ठरेल.

हे झाड तुळस-पुदिन्याच्या कुळातलं असलं तरी त्याची वाढ झाली भूमध्य सागराभोवतीच्या उघड्या, खडकाळ, चुनखडीच्या उतारांवर. तिथे पाऊस पडतो थंडीत, उन्हाळा कोरडा जातो आणि पाणी दगडांमधून लगेच खाली उतरून जातं. लॅव्हेंडरच्या मुळांना याचीच सवय आहे. उन्हाळी ओल आणि दमट रात्री त्यांना परक्या. बागेत या झाडाचं काय करायचं हा प्रश्न पडला की आधी तो उतार आठवावा, बहुतेक उत्तरं तिथेच मिळतात.

पहिलं काम निचरा तपासण्याचं. रोपाच्या जागेजवळ साधारण 30 सेंमी खोल खड्डा घ्या आणि पाण्यानं भरा. ते पाणी पूर्ण मुरू द्या, मग पुन्हा भरा आणि आता पातळी किती उतरते ते मोजा. तासाला 2 ते 3 सेंमीपेक्षा कमी पाणी मुरत असेल तर त्या जागी सपाट जमिनीत लॅव्हेंडर लावू नका. 20 ते 30 सेंमी उंचीचा गादीवाफा किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. भारी, चिकण मातीत थोडी बारीक वाळू मिसळली की निचरा सुधारतो अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात बारीक वाळूचे कण चिकण मातीत घट्ट बसतात आणि जमीन आणखी कडक होते. मिसळायचीच तर जाडी रेती किंवा बारीक खडी, तीही भरपूर, नाहीतर सरळ गादीवाफाच करावा. माझ्या मते गादीवाफा हा कमी कष्टाचा आणि खात्रीचा मार्ग आहे.

मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप) 6.5 ते 7.5 असला की उत्तम, किंचित अधिक विम्लही (अल्कधर्मी) चालतो. माती आम्लधर्मी निघाली तर परीक्षणाच्या निकालानुसार चुना द्यावा, अंदाजानं टाकू नये. शेणखत आणि गांडूळखत याबाबत हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की फांद्या लुसलुशीत, लांब वाढतात, झाड मधून फाकतं, फुलं कमी येतात आणि सुगंधही उतरतो. लावताना थोडं कुजलेलं खत पुरे. वाढलेल्या झाडाला जमिनीत वेगळं खत बहुधा लागतच नाही.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. ही रोपं बहुतेक वेळा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात. तो गोळा तसाच जमिनीत ठेवला तर भोवतीची माती सुकते, पण मुळांभोवतीचं कोकोपीट ओलंच राहतं. वरून हात लावला तर माती कोरडी लागते आणि आत मूळकूज सुरू झालेली असते. लावण्याआधी गोळा हलक्या हातानं सैल करा, शक्य तेवढं कोकोपीट झटकून टाका आणि मुळं मोकळी पसरवा. रोपाची मान, म्हणजे खोड आणि मुळं जुळतात ती जागा, जमिनीच्या पातळीपेक्षा थोडी वर ठेवा आणि बुंध्याभोवती पाणी साचेल असं आळं करू नका. मात्र पाऊस तोंडावर असताना नवं रोप लावूच नये. ते कुंडीत सांभाळावं आणि पाऊस संपून जमिनीला वाफसा आला, म्हणजे जादा ओल ओसरून माती मोकळी झाली, की लावावं.

जुन्या झाडांची छाटणी फुलं ओसरल्याबरोबर करायची असते. राहून गेली असेल तर आता, कोरडे दिवस असतानाच उरका, म्हणजे जखमा पावसाआधी सुकतील. हिरव्या वाढीचा साधारण एक तृतीयांश भाग काढून झुडपाला गोल आकार द्या. इथे एक नियम मोडायचा नाही: कात्री नेहमी हिरव्या पानांच्या वर थांबली पाहिजे. पानं नसलेल्या तपकिरी, लाकडी भागात कापलं तर तिथून बहुधा नवा फुटवा येत नाही आणि ती फांदी वाळते. दरवर्षी छाटलेलं झाड दहा वर्षं सहज फुलतं. न छाटलेलं झाड थोड्याच वर्षांत खालून उघडं पडतं, मधोमध फाटतं, आणि मग त्याला पुन्हा आकारात आणता येत नाही. नव्या रोपाच्या पहिल्या वर्षीच्या कळ्या खुडून टाका. जिवावर येतं, पण झुडूप त्यानंच दाट होतं.

छाटताना मधल्या दाटीतल्या वाळक्या काड्या आणि जमिनीला टेकणारी खालची पानंही काढा, कारण दमट दिवसांत झाडातून वारा खेळला पाहिजे. बुंध्याभोवती 3 ते 4 सेंमी जाडीचा बारीक खडीचा थर पसरा. त्यामुळे पावसाचे शिंतोडे मातीसकट पानांवर उडत नाहीत. पालापाचोळा, भुसा, गवत यांचं आच्छादन इतर झाडांसाठी ठेवा. लॅव्हेंडरच्या बुंध्याशी ते ओल धरून ठेवतं.

कुंडीतल्या झाडाला पावसाळ्यात मोठा फायदा असतो, कारण ते उचलता येतं. पाऊस लागणार नाही पण ऊन मिळेल अशा जागी कुंडी हलवा. रोज किमान सहा तास ऊन हवं, आठ मिळालं तर उत्तम. खोलीच्या आतल्या सावलीत ठेवलेलं झाड हळूहळू खंगत जातं. मातीची, 25 ते 30 सेंमी व्यासाची, तळाला चांगली छिद्रं असलेली कुंडी घ्या, ती विटांवर ठेवा आणि खालची थाळी काढून टाका. मिश्रणात निम्मी माती आणि उरलेली जाडी रेती, खडी, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज दाणे) असं ठेवलं की पाणी थांबत नाही. जमिनीतल्या वाफ्यावर वरून पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर करता येतं, पण चारही बाजू मोकळ्या ठेवा. बंदिस्त केलं तर आत कोंडलेली दमट हवा पावसापेक्षा जास्त नुकसान करते.

पावसाळ्यात झाड मलूल दिसलं की पटकन पाणी घालावंसं वाटतं. आधी माती पाहा. माती ओली आणि तरीही झाड मान टाकतंय, म्हणजे मुळं कुजायला लागली आहेत. निरोगी मुळं फिकट रंगाची आणि टणक असतात. कुजलेली तपकिरी होतात, चिमटीत धरून ओढली तर साल निसटून येते. फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणारी ही मूळकूज एकदा पसरली की औषधानं झाड परत येत नाही. असं झाड भोवतालच्या मातीसकट काढा आणि त्या जागी पुन्हा लॅव्हेंडर लावू नका. किडींचा त्रास या झाडाला एकंदर कमी होतो. मावा दिसला तर पाण्याची धार पुरते. फुलं असताना मधमाश्या सतत येत असतात, त्या काळात फवारणी करू नका.

पाऊस संपल्यावर पाण्याचं वेळापत्रक पुन्हा बसवावं लागतं. नव्या रोपाला पहिल्या हंगामात वरची 3 ते 4 सेंमी माती सुकली की मुळांशी भरपूर पाणी द्या, मग पुन्हा सुकू द्या. रुजलेल्या झाडाला कोरड्या दिवसांत दोन आठवड्यांतून एकदा खोल पाणी दिलं तरी भागतं. कुंडीला अर्थातच त्याहून जास्त वेळा लागेल. पानांवर पाणी मारू नका.

तुमच्या हवेत कोणता प्रकार तगेल, हे रोप विकत घेण्याआधी ठरवा. हिडकोट, मनस्टेड या अँगस्टिफोलिया गटातल्या जातींचा सुगंध सगळ्यात मुलायम. कडाक्याची थंडी त्या सोसतात, किंबहुना भरघोस फुलायला त्यांना थंडीचा काळ लागतो. उष्ण-दमट हवेत मात्र त्या लवकर हार मानतात. दातेरी पानांची डेंटाटा आणि तुऱ्यावर पाकळ्यांसारखी शेंडी मिरवणारी स्टोइकास यांना थंडीची फारशी गरज नसते, उबदार बागेत त्याच घ्याव्यात, पण कडक गोठण त्यांना सोसत नाही. ग्रोसो, फिनॉमिनल हे लॅव्हेंडिन, म्हणजे अँगस्टिफोलिया आणि लॅटिफोलिया या दोन प्रजातींचे संकर, मोठे आणि दणकट. फिनॉमिनल उष्णता आणि दमटपणाही बऱ्यापैकी झेलते. अँगस्टिफोलियाच्या दोन रोपांत 30 ते 45 सेंमी अंतर ठेवा, लॅव्हेंडिनला 60 ते 90 सेंमी द्या. दमट हवेत नेहमी मोठं अंतर निवडा.

बियांपासून रोपं करायची तर धीर लागतो. अँगस्टिफोलियाचं बी ओलसर कागदात गुंडाळून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवावं, मग मातीच्या पृष्ठभागावर पेरावं, कारण उगवणीला उजेड हवा असतो. मनासारखी जात हुबेहूब हवी असेल तर कलमच लावा. लॅव्हेंडिनला तर रुजणारं बी धरतच नाही. फुलं नसलेल्या निरोगी फांदीचा 8 ते 10 सेंमीचा शेंडा पेराखाली कापा, खालची निम्मी पानं काढा आणि रेती-परलाइटमध्ये, थेट उन्हाबाहेर पण उजेडात खोचा. तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. आत्ता छाटणीतून निघणारे हिरवे शेंडे यासाठी उत्तम आहेत. प्रत्येक आवडत्या झाडाची दोन-तीन कलमं छपराखाली करून ठेवा. पावसानं मूळ झाड नेलंच, तर तीच जात हाताशी राहील.