अवघड वचनं आणि माझा झालेला पचका (बायबल स्टडी घेणाऱ्या नवीन पोरांसाठी)

नवीन पोरं विचारतात, स्टडी घेताना अवघड वचन आलं तर काय करायचं. माझं काय झालं तेच सांगतो.

२०१२-१३ चा दुष्काळ, आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या अन् लोक टँकरची वाट बघत रात्र काढायचे. मी नुकताच पोस्टानं बायबलचा कोर्स केलेला, डोक्यात लई हवा. कॉटेज मिटिंगला (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला) बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २८ वा अध्याय काढला. तिथं २३ व्या वचनात आहे, आज्ञा मोडल्या तर डोक्यावरचं आकाश पितळेचं अन् पायाखालची जमीन लोखंडाची होईल. मी जोशात म्हणलो, बघा, आज हेच चाललंय! समोर एक काका बसलेले, दीडशे झाडं गेलेली. मान वर न करता म्हणले, "मंग भाऊ, ऊसवाल्यानं काय पुण्य केलं होतं?"

प्रार्थना कशीबशी आटोपली. चहाला पण थांबलो नाही.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब रागावले नाहीत, एवढंच म्हणले की ते पान कुणाशी बोलतंय ते आधी बघ. मग बसून वाचलं. कनान देशात शिरायच्या आधी मवाबात मोशे अख्ख्या इस्राएल लोकांना देवाशी झालेल्या कराराच्या अटी सांगतोय, एका माणसाच्या बागेचा हिशोब नाही लावत. अन् लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, तेव्हा येशू विचारतो की ते यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते का, आणि स्वतःच नाही म्हणतो. पण लगेच ऐकणाऱ्यांनाच म्हणतो, पश्चात्ताप नाही केला तर तुमचंही तसंच होईल. हे पण अवघडच आहे, गोड अर्धं वाचून पुढं जाऊ नका. सगळं गमावून दुःखात बसलेल्या ईयोबाचे तिघं मित्र ७ दिवस गप्प बसले तेच त्यांचं सगळ्यात चांगलं काम, तोंड उघडलं अन् माती केली, शेवटी ईयोबाच्या पुस्तकाच्या ४२ व्या अध्यायात देवानंच त्यांना झापलंय.

म्हणून मी आता अडलेल्या वचनापुढं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह करतो, आणि ग्रुपमध्ये कुणी विचारलंच तर सरळ सांगतो की मला कळलं नाही, पुढच्या बुधवारी बोलू. कळलं नाही म्हणजे विश्वास कमी असं काही नाही हो. योहान ६ मध्ये हे वचन कठीण आहे म्हणून बरेच शिष्य निघून गेले, तेव्हा पेत्र पण कुठं म्हणला की मला समजलं, तो म्हणला प्रभुजी, आम्ही कोणाकडे जाणार. अनुवाद २८ पुढचं माझं प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे.

त्या काकांकडं आठ दिवसांनी गेलो, बायबल पिशवीत. ते वाळलेली झाडं तोडत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर दुसरी कुऱ्हाड माझ्यापुढं केली. "वचन राहू दे भाऊ, ही ओळ संपव आधी."