कुतियापीसारखं दोन तारांचं वाद्य घरी कसं बनवायचं (आणि पडदे खिळ्याने का ठोकायचे नाहीत)

फिलिपिन्सच्या मिंडनाव बेटावर मागिंदनाव आणि मरानाव लोकांचं कुतियापी नावाचं वाद्य आहे, होडीसारखं लांबट, चांगलं दीड मीटरच्या आसपास. तारा दोनच, एक आपल्या तुणतुण्यासारखी नुसता सूर धरून ठेवते आणि दुसरीवर चाल चालते. त्बोली लोकांकडे याचाच भाऊ हेगेलुंग. कुतियापी हे नाव आपल्या संस्कृत कच्छपीवरून गेलं असावं असं अभ्यासक मानतात, ते वाचलं आणि मला काही राहवेना, मी भुसावळकडचा माणूस, लाकूड घेऊन बसलोच.

आधीच सांगतो, हे सरावाचं वाद्य आहे, याला कुतियापी म्हणून मिरवायचं नाही. तिकडे ती फणसाच्या लाकडात कोरतात. आपल्याकडे फणस कुठून आणणार, मी शिवणीची फळी घेतली, तीन फूट लांब, चार इंच रुंद, दोन इंच जाड. मागून पोखरून होडी करा, वरची बाजू पातळ ठेवा नाहीतर आवाज दबतो, मागे पातळ प्लायवूड चिकटवा. दोन खुंट्या, तारा टेकवायला एक घोडी, गिटारच्या सगळ्यात पातळ दोन तारा. पूर्वी तिकडे अबाका म्हणजे केळीच्या जातीतल्या झाडाचा धागा लावायचे, आपण केळीवाले खान्देशी, म्हणून हे मला फार जवळचं वाटतं.

आता खरं काम, पडदे, म्हणजे ज्यांच्यावर तार दाबून सूर बदलतात त्या पट्ट्या. बांबूचे तुकडे मेणावर उभे करतात, खिळे नाहीत. कारण मागिंदनाव लोकांच्या दोन स्वररचना आहेत, दिनलादाय आणि बिनालिग, दोन्ही पाच सुरांच्या, पण बिनालिगमध्ये अर्ध्या सुराचं (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांइतकं) अंतर येतं, दिनलादायमध्ये येत नाही. म्हणजे एकाच वाद्यावर मेण हलवून पडदे सरकवायचे की दुसरी दुनिया. ठोकून टाकलं की ही गंमतच गेली.

सुरुवातीला कान बसावा म्हणून भूप रागाचे सूर लावा (दिनलादाय म्हणजे भूप नव्हे, फक्त दोन्हीत अर्ध्या सुराचं अंतर नाही एवढंच). तारेची मोकळी लांबी ६० सेंमी ठेवली तर वरच्या टोकापासून रे ६.७, ग १२, प २०, ध २४ आणि वरचा सा ३० सेंमीवर. पडद्याचा माथा तारेच्या जेमतेम २ मिमी खाली हवा. तार दाबली की सूर थोडा चढतो, तेव्हा मोजपट्टी ठेवून द्या आणि कानाने सरकवा. दोन्ही तारा एकाच सुरात लावा.

मेण मधाच्या पोळ्याचंच घ्या, मेणबत्तीचं नको. मी नवापूरकडे पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) बनवणाऱ्या एका बाबांकडून आणलं, ते पण भोपळा आणि बांबू मेणानेच जोडतात. वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवा, थेट गॅसवर नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ला टेकतो तेव्हा नुसतं मेण लोण्यासारखं होतं आणि पडदे लोळतात, माझे दोनदा लोळले, म्हणून थोडी राळ मिसळा. आजीने बघितलं आणि म्हणाली, "हाई काय शे रे भो?" मग वाजवून दाखवल्यावर तासभर बसली.

वाजवायचं कसं हे मात्र ऐकूनच शिका. सामाओन सुलैमान यांचं वादन शोधा, केस कापायचं काम करणारा हा माणूस, १९९३ला फिलिपिन्स सरकारने त्यांना राष्ट्राचा जिवंत ठेवा असा मान दिला, २०११ला ते गेले. फिलिपिन्सचे संगीत-अभ्यासक होझे मासेदा यांनी गावोगाव फिरून केलेली ध्वनिमुद्रणं तिथल्या दिलिमानच्या विद्यापीठात आहेत, २००७ला युनेस्कोने त्या ध्वनिमुद्रणांची नोंद घेतली. एकच तुकडा घ्या, आठवडाभर तोच ऐका, आधी फक्त सूर धरणारी तार वाजवा, ठेका हातात बसला की मगच चालीला हात लावा.

आणि कुठे वाजवलं तर ही चाल कोणत्या लोकांची, कोणाचं ऐकून शिकलो, हे आधी सांगा. तेवढ्यातच त्या पावरीवाल्या बाबांचं वाजवणं पण मोबाईलवर नीट रेकॉर्ड करून ठेवा, त्यांना विचारून, नाव-गाव-तारीख फाईलवर टाकून. मी पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यासाठीच जातोय.