दोष रेडिओचा नाही, सीजीचा: या चुका टाळा

मॉडेल विमान कोसळलं की उडवणारा आधी रेडिओला दोष देतो, मग वाऱ्याला, मग सर्व्होला, म्हणजे हलणारी पाती फिरवणाऱ्या छोट्या मोटरला. सीजीचं, म्हणजे विमान जिथे तोलतं त्या गुरुत्वमध्याचं, नाव कुणी घेत नाही, कारण "सीजी तर बघितला होता!" कधी बघितला होता, असं विचारलं की गडी गप्प.

बांधल्यावर एकदा बघितला, झालं

ही माझ्या सगळ्यात नावडती चूक आहे, कारण ती अगदी नीटनेटकी कामं करणारी माणसंही करतात. एका पोराचं उदाहरण सांगतो. वरच्या पंखाचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊंचं विमान, कॉर्ड (पंखाची पुढून मागेपर्यंतची रुंदी) 200 मिमी, बॅटरीसकट वजन 1100 ग्रॅम. सीजी त्यानं पुढच्या कडेपासून 62 मिमीवर, म्हणजे कॉर्डच्या 31 टक्क्यांवर, अगदी व्यवस्थित बसवला होता. महिनाभर विमान छान उडालं. मग एका लँडिंगला शेपूट मोडलं. त्यानं प्लायवुडचा तुकडा आणि भरपूर इपॉक्सी घालून ते जोडलं. जोड मजबूत झाला, याचं त्याला फार कौतुक. पुढच्या वेळी मैदानावर त्याची 2200 एमएएचची बॅटरी उतरलेली निघाली, म्हणून मित्राची 1300 ची घातली. खाचेत बसली, प्लग जुळला, चला!

"एकदा बोटांवर धरून बघ," असं मी म्हणालो. "काका, सीजी बघितलाय हो," असं म्हणून तो थ्रॉटल देऊन मोकळा.

विमान जमीन सुटताच नाक वर करून उभं राहिलं. त्यानं एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीचं पातं) खाली दिला, तर नाक गरजेपेक्षा खाली. वर ओढलं, तर पुन्हा उभं. असे तीन हेलकावे झाले, चौथ्याला वेग संपला, डावा पंख पडला आणि विमान गिरक्या घेत जमिनीत. मलबा गोळा करायच्या आधीच तो म्हणाला, "सिग्नल गेला."

तुकडे मी वजनकाट्यावर टाकले. शेपटीच्या दुरुस्तीचं वजन 15 ग्रॅम, सीजीपासून 60 सेंमी मागे. बॅटरी 180 ग्रॅमऐवजी 115, म्हणजे सीजीच्या 17 सेंमी पुढून 65 ग्रॅम गायब. हिशोब केला तर सीजी 62 वरून जवळजवळ 81 मिमीवर सरकला होता, म्हणजे चाळीस टक्क्यांवर. नुसत्या दुरुस्तीनं तो आठ मिमी हलला असता आणि विमान जरा चंचल वाटलं असतं, इतकंच. नुसत्या बॅटरीनंही कदाचित निभावलं असतं. दोन्ही एकाच दिशेनं गेले आणि खेळ संपला.

शेपटीकडचे ग्रॅम महाग असतात, कारण शेपूट सीजीपासून लांब असतं आणि नाक जवळ. या विमानात मागचे 15 ग्रॅम तोलायला बॅटरीच्या जागी 50 ग्रॅमच्या आसपास घालावे लागले असते. म्हणून शेपटीला इपॉक्सी ओतणाऱ्यांचा मला राग येतो. बाल्साच्या स्वच्छ सांध्याला पातळ थर पुरतो.

माझी सवय अशी. पंखाखाली दोन्ही बाजूंना, सीजीच्या रेषेवर, बोटाला लागेल असा गोंदाचा बारीक थेंब वाळवून ठेवतो. मैदानावर मोजपट्टी लागत नाही, बोटं आपोआप जागेवर जातात. दुसरी बॅटरी, नवा प्रॉपेलर, शेपटीवर स्टिकर, काहीही बदललं की उडवण्याआधी उचलून बघतो. अर्धा मिनिट लागतो. पंखावर एलईडी पट्ट्या चिकटवायला ज्यांना संध्याकाळभर वेळ असतो, त्यांच्याकडे हा अर्धा मिनिट नसतो.

तिरक्या पंखाला मुळाच्या कॉर्डचे 25 टक्के

"25 ते 33 टक्के" हा सीजीच्या जागेचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. कशाचे टक्के, हे कुणी विचारत नाही. सरळ आयताकृती पंख असेल तर प्रश्नच नाही. पंख निमुळता किंवा मागे झुकलेला असेल, तर टक्के सरासरी वायुगतिक कॉर्डचे घ्यायचे आणि ती कॉर्ड मुळाशी, म्हणजे पंख मधोमध जोडतो तिथे, नसते.

फ्लाइंग विंग, म्हणजे बिनशेपटीचं नुसत्या पंखाचं विमान घ्या: मुळाशी कॉर्ड 300 मिमी, टोकाला 150, अर्धा पंख 600 लांब आणि टोकाची पुढची कड मुळाच्या कडेपेक्षा 300 मिमी मागे. सरासरी कॉर्ड 233 मिमी येते आणि तिची पुढची कड मुळाच्या कडेपेक्षा 133 मिमी मागे असते. फ्लाइंग विंगला मी पहिल्या उड्डाणासाठी 18 टक्के धरतो, म्हणजे मुळाच्या पुढच्या कडेपासून साधारण 175 मिमी. मुळाचे 25 टक्के धरणारा 75 वर थांबतो. दहा सेंमीची चूक! त्या विमानाचं नाक कुठल्याही एलिव्हॉननं (अशा पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पात्यानं) उचलणार नाही.

सूत्र नको असेल तर कागदावर अर्धा पंख काढा. मुळाच्या मागच्या कडेपासून टोकाच्या कॉर्डइतकी रेघ मागे वाढवा, टोकाच्या पुढच्या कडेपासून मुळाच्या कॉर्डइतकी पुढे. दोन्ही शेवट तिरके जोडा. ही तिरकी रेघ दोन्ही कॉर्डच्या मध्यबिंदूंना जोडणाऱ्या रेषेला जिथे छेदते, तिथली कॉर्ड आपल्या कामाची. इंटरनेटवरचे कॅल्क्युलेटरही हेच करतात, पण त्यात झुकाव चुकीचा भरला की उत्तरही तितक्याच रुबाबात चुकीचं येतं.

बाकीच्या, थोडक्यात

इंधनाच्या विमानाचा सीजी टाकी रिकामी ठेवून बघा. टाकी बहुधा सीजीच्या पुढे असते, त्यामुळे इंधन संपत जातं तसं शेपूट जड होत जातं.

खालच्या पंखाचं विमान उलटं धरून तोला. सुलटं धरलं तर वजन बोटांच्या वर राहतं आणि ते कलंडतं.

चाकं आत जाताना मागे वळत असतील, तर चाकं आत असतानाही बघा.

शिसं हा शेवटचा उपाय. आधी बॅटरी सरकवा, मग रिसीव्हर, मग सर्व्हो. लावलंच तर इपॉक्सीनं किंवा स्क्रूनं पक्कं करा. चिकटपट्टीवरचं शिसं उन्हात सुटतं. बॅटरीलाही नुसतं वेल्क्रो पुरत नाही, वरून पट्टा हवाच.

भीतीपोटी नाक फार जड करणारेही आहेत. त्यांचं विमान पडत नाही, पण उतरताना एलिव्हेटर पूर्ण ओढूनही नाक उचलत नाही आणि पुढचं चाक मोडतं.

थ्रॉटल वाढवल्यावरच नाक वर जात असेल तर आधी मोटरचा कोन तपासा, सीजीला हात नंतर लावा.

पहिल्या उड्डाणाला मी सीजी दिलेल्या मर्यादेच्या पुढच्या टोकावर ठेवतो. मग भरपूर उंचीवर अर्ध्या थ्रॉटलला ट्रिम करून, म्हणजे स्टिक न धरता सरळ उडेल असं बसवून, थ्रॉटल कमी करून 45 अंशांत सूर मारतो आणि स्टिक सोडतो. विमान झटकन वर आलं तर नाक जड. हळूहळू सावरलं तर ठीक. सूर आणखी खोल होत गेला तर शेपूट जड, लगेच सावरून उतरवायचं. बदल करताना बॅटरी एका वेळी चार-पाच मिमीच हलवतो, आणि जागा पटली की खाचेत मार्करनं रेघ.